रिव्हर्सिंग लूपमधला शॉर्ट : संकेत की बिघाड?

मॉडेल रेल्वेत रूळ दुहेरी काम करतात. ते गाडीला वाट दाखवतात आणि त्याच वेळी विजेच्या तारा म्हणूनही वापरले जातात. एका रुळातून आलेली वीज चाकांवाटे इंजिनाच्या मोटारीत शिरते आणि दुसऱ्या रुळावाटे परत जाते. मार्ग सरळ असो वा वर्तुळाकार, डावा रूळ कितीही फिरला तरी डावाच राहतो, त्यामुळे दोन्ही रुळांची गाठ कधी पडत नाही. रिव्हर्सिंग लूपमध्ये मात्र हा नियम मोडतो. सांध्याच्या, म्हणजे गाडी एका लाईनवरून दुसरीवर नेणाऱ्या हलत्या जोडणीच्या, एका फाट्यातून लूप निघतो, गोल वळसा घेतो आणि दुसऱ्या फाट्यातून त्याच मुख्य लाईनवर उलट तोंडाने येऊन मिळतो. गाडीला हात न लावता तिचे तोंड फिरवण्याची ही सर्वांत सोपी युक्ती असली, तरी वळसा पूर्ण होताच डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन भिडतो. दोन विरुद्ध ध्रुव असे थेट जोडले गेले की वीज मोटारीतून जाण्याऐवजी जवळच्या वाटेने धावते, प्रवाह एकदम वाढतो आणि पुरवठा बंद पडतो. यालाच शॉर्ट म्हणतात.

या शॉर्टचे काय करावे, याविषयी छंदातील जाणकारांत दोन मते आहेत. एका मताप्रमाणे आधुनिक डिजिटल नियंत्रणात शॉर्ट हा लूपच्या कामकाजाचाच एक टप्पा असून तो ओळखून दुरुस्त करणारे यंत्र बसवले की प्रश्न संपतो. दुसऱ्या मताप्रमाणे शॉर्ट हा शेवटी बिघाडच असून त्याचे मूळ रुळांत, तारांत किंवा चाकांत शोधल्याशिवाय कोणतेही यंत्र बसवणे म्हणजे दोष झाकून ठेवणे होय. शास्त्रार्थाच्या रीतीला अनुसरून पहिल्या मताला येथे पूर्वपक्ष आणि दुसऱ्याला उत्तरपक्ष म्हटले आहे. चर्चेसाठी १:८७ प्रमाणातील, दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असलेली एचओ मांडणी गृहीत धरली आहे.

पूर्वपक्ष : लूपचा प्रश्न खरा अवघड होता तो साध्या डीसी पुरवठ्याच्या काळात. त्या पद्धतीत रुळांची ध्रुवता, म्हणजे कोणता रूळ धन आणि कोणता ऋण ही स्थिती, हीच गाडीची दिशा ठरवते. उजवा रूळ धन असला तर इंजिन पुढे जाते, असा रूढ संकेत आहे. म्हणून गाडी लूपमध्ये असतानाच चालकाला सहा टोकांचा डीपीडीटी स्विच, म्हणजे दोन तारांची अदलाबदल एकाच खटक्याने करणारा स्विच, टाकून मुख्य लाईनची ध्रुवता उलटी करावी लागे आणि सांधाही बदलावा लागे. यातली एक कृती विसरली की शॉर्ट ठरलेला. काहींनी लूपला चार डायोडच्या ब्रिज रेक्टिफायरमधून वीज दिली, त्यामुळे लूपमधली ध्रुवता कायम एकच राहिली. पण एका वेळी दोन डायोडांतून प्रवाह जात असल्याने सुमारे १.४ व्होल्ट गळून पडत आणि लूपमध्ये शिरताच गाडी मंदावे. डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, आल्यावर ही सारी कसरत निकालात निघाली. जर्मनीतील लेन्झ कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीच्या आधारे अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, म्हणजे १९३५ साली स्थापन झालेल्या एनएमआरए या संस्थेने, १९९०च्या दशकात तिचे मानक ठरवले. या पद्धतीत रुळांवरील ध्रुवता सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते आणि तिच्या स्पंदांच्या लांबी-आखूडपणातून आज्ञा पाठवल्या जातात. 'एक' या अंकाच्या अर्ध्या स्पंदाला ५८ मायक्रोसेकंद, तर 'शून्य'च्या अर्ध्या स्पंदाला किमान १०० मायक्रोसेकंद लागतात. दिशा ठरवतो तो या आज्ञा वाचणारा इंजिनातला डीकोडर. म्हणून गाडी धावत असताना तिच्याखालच्या रुळांची अदलाबदल केली तरी तिला त्याचा पत्ताही लागत नाही. ऑटो-रिव्हर्सर नावाचे मॉड्यूल याच गुणावर चालते: चाक लूप आणि मुख्य लाईन यांच्या सीमेवर शॉर्ट करते, मॉड्यूल तो ओळखते, लूपची ध्रुवता उलटवते आणि गाडी न थांबता पुढे जाते. मग शोधायचे ते काय उरले?

उत्तरपक्ष : आपण मॉड्यूलच्या कामाचे वर्णन अचूक केले, परंतु ते ज्यावर उभे आहे तो पाया गृहीत धरला. मॉड्यूल लूपची ध्रुवता उलटवू शकते ते लूप मुख्य लाईनपासून पूर्ण तोडलेला असेल तरच, आणि त्यासाठी लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून एकूण चार फटी ठेवाव्या लागतात. चारच का, हे तपासून पाहावे. मुख्य लाईनचे डावा व उजवा असे दोन रूळ आणि लूपचे आतला व बाहेरचा असे दोन रूळ धरू. पहिल्या टोकाला बाहेरचा रूळ डाव्याशी आणि आतला उजव्याशी जुळतो, तर दुसऱ्या टोकाला हीच जुळणी उलटी होते. आता दोन्ही टोकांना फक्त बाहेरचा रूळ कापला, तर आतला रूळ एका टोकाला उजव्याशी आणि दुसऱ्या टोकाला डाव्याशी जोडलेला राहतो. म्हणजे शॉर्ट कायमच. एका टोकाला बाहेरचा आणि दुसऱ्या टोकाला आतला कापला, तर लूपचे दोन्ही रूळ मुख्य लाईनच्या एकाच रुळाला चिकटून राहतात आणि लूपला वीज दिल्याक्षणी ते एकमेकांशी शॉर्ट होतात. एकाच टोकाला दोन्ही रूळ कापले, तर गाडी नसताना सारे सुरळीत दिसते. मात्र लूप दुसऱ्या टोकाने मुख्य लाईनला बांधलेला असल्याने त्याची ध्रुवता स्वतंत्रपणे उलटवता येत नाही आणि कापलेल्या टोकावरून जाणारे प्रत्येक धातूचे चाक शॉर्ट करते. चारपैकी एकही फट वगळता येत नाही, आणि हे मॉड्यूल सांगत नाही, कागदावरची आकृती सांगते.

पूर्वपक्ष : चार फटी मान्य. तरीही शॉर्ट म्हणजे बिघाडच, हे म्हणणे मान्य होण्यासारखे नाही. मॉडेल सोडून खऱ्या रेल्वेकडे पाहावे. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले बंद ट्रॅक सर्किट नेमके शॉर्टवर चालते. मार्गाच्या एका तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो. गाडी आली की तिच्या चाकांच्या आसामुळे दोन्ही रूळ जोडले जातात, रिलेपर्यंत वीज पोहोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. भारतीय रेल्वेवरही ही योजना वापरात आहे, आणि पावसाळ्यात रुळांवर पाणी चढले की मुंबईच्या लोकल सिग्नलअभावी का खोळंबतात, याचे एक कारण हेच की पाणी दोन रुळांमध्ये वाहक वाट तयार करते आणि रिलेला गाडी आल्यासारखेच वाटते. ज्या शॉर्टच्या भरवशावर खऱ्या गाड्या धावतात, त्याला छंदाच्या टेबलावर बिघाड म्हणावे, हे विसंगत वाटते. शिवाय ज्यांना तो मुळातच नको, त्यांच्यासाठी म्यर्कलिनची वाट आहेच. ग्योपिंगेनच्या या जर्मन कंपनीच्या पद्धतीत दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असतात आणि दुसरा ध्रुव मधल्या, पुढे १९५०च्या दशकापासून जवळजवळ न दिसणाऱ्या, संपर्कबिंदूंतून इंजिनाखालच्या घसरपट्टीला मिळतो. तिथे लूप कितीही घाला, शॉर्ट होत नाही. दोन रुळांची पद्धत ज्यांनी दिसायला खरी म्हणून निवडली, त्यांनी शॉर्टही पत्करलेला आहे. तो हुशारीने वापरणे एवढेच आता हाती उरते.

उत्तरपक्ष : ट्रॅक सर्किटचा दाखला उत्तम आहे, पण तो शेवटपर्यंत न्यावा. तिथे बॅटरीसोबत एक रोध, म्हणजे प्रवाहाला मर्यादा घालणारा घटक, मुद्दाम जोडलेला असतो, त्यामुळे गाडीने रूळ जोडले तरी बॅटरीवर भार येत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की शेजारशेजारच्या दोन तुकड्यांची ध्रुवता मुद्दाम परस्परविरुद्ध ठेवतात, जेणेकरून मधला विद्युत्‌रोधी जोड निकामी झाला तर शेजारच्या तुकड्याची वीज चुकीच्या रिलेला चालू ठेवणार नाही आणि बिघाड आपण होऊन उघडा पडेल. याचा अर्थ असा की खरी रेल्वे शॉर्टला संकेत मानते ते त्याला आधी मर्यादा घालून, आणि हवा असलेला शॉर्ट नको असलेल्या शॉर्टपासून वेगळा ओळखता येईल अशी रचना करून. ऑटो-रिव्हर्सर मात्र हा भेद करू शकत नाही. त्याला फक्त प्रवाह वाढलेला कळतो. तो चाकाने वाढवला की बुजलेल्या फटीने, हे कळत नाही. लूपच्या पहिल्या टोकाची एकच फट बुजली आहे अशी कल्पना करावी. मॉड्यूल सुरू होताच शॉर्ट दिसतो, ते ध्रुवता उलटवते, बुजलेल्या फटीच्या दोन्ही बाजू एकाच ध्रुवाच्या होतात आणि शॉर्ट नाहीसा होतो. गाडी पहिल्या टोकाने आत जाते, सारे ठीक भासते. ती दुसऱ्या टोकाशी पोहोचली की तिथली जुळणी उलटी हवी असते. मॉड्यूल पुन्हा ध्रुवता उलटवते, त्याच क्षणी बुजलेली फट शॉर्ट करते, मॉड्यूल परत फिरवते, चाक पुन्हा शॉर्ट करते आणि रिले टकटक वाजत राहतो. चालक दोष दुसऱ्या टोकाला शोधतो, कारण गाडी तिथे अडलेली असते. प्रत्यक्षात दोष दूर पहिल्या टोकाला असतो. यंत्राने तो दुरुस्त केला नाही, केवळ त्याची जागा बदलून दाखवली.

पूर्वपक्ष : ही अडचण खरी आहे, परंतु त्यावर उपाय म्हणून आपल्या पक्षाचे लोक जे सुचवतात तेही निर्दोष नाही. पुरवठ्याच्या एका तारेत मोटारगाडीच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब ओळीने जोडावा, म्हणजे शॉर्ट झाला की बल्ब पेटेल आणि प्रवाह मर्यादित राहील, असा तो सल्ला असतो. असा बल्ब सुमारे पावणेदोन ते दोन अँपिअरवर प्रवाह रोखतो. मॉड्यूल जर तीन अँपिअरला जागे होणारे असेल, तर प्रवाह तिथवर कधीच पोहोचणार नाही, मॉड्यूल झोपून राहील, गाडी सीमेवर थांबेल आणि चालकाला वाटेल की मॉड्यूलच बिघडले. उपायानेच नवा दोष निर्माण केला, असे म्हणावे लागेल.

उत्तरपक्ष : आपण दाखवलेली अडचण बरोबर आहे, आणि तीच या पक्षाची बाजू बळकट करते. बल्ब आणि मॉड्यूल एकत्र नांदत नाहीत, म्हणून तपासणीच्या वेळी मॉड्यूल बाजूला काढून बल्ब लावावा आणि दोष संपल्यावर बल्ब काढून मॉड्यूल परत जोडावे. शोध आणि वापर ही दोन वेगळी कामे आहेत. शोधाचा पहिला प्रश्न 'शॉर्ट कुठे आहे' हा नसून 'शॉर्ट केव्हा होतो' हा असावा, कारण वेळ कळली की जागा आपोआप आटोक्यात येते. रुळांवर एकही गाडी नसताना तो होत असेल, तर दोष फटींत किंवा तारांत असतो. सांधा एका बाजूला टाकल्यावरच होत असेल, तर सांध्यात. गाडी सीमा ओलांडतानाच होत असेल, तर ध्रुवता उलटवणाऱ्या व्यवस्थेत. लांब गाडीलाच होत असेल, तर लूपच्या लांबीत. आणि एका ठरावीक डब्यालाच होत असेल, तर त्या डब्याच्या चाकांत.

गाडी नसतानाच्या शॉर्टपासून सुरुवात करावी. सर्व इंजिने व डबे उचलावेत, कारण मोटार, दिवे आणि डीकोडर हे रुळांमध्ये वाट तयार करून मोजणी फसवतात. पुरवठा आणि मॉड्यूलची लूपकडे जाणारी जोडणी सोडवावी. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे सलग वाट असल्यास बीप देणाऱ्या स्थितीवर, ठेवून एकेका फटीच्या दोन्ही बाजूंना त्याची दोन टोके टेकवावीत. चारही ठिकाणी मीटर गप्प राहिला पाहिजे. बीप आला तर फट बुजली आहे की अन्य कुठून वाट निघाली आहे, हे पातळ प्लास्टिकचा तुकडा फटीत सरकवून पाहावे. तुकडा सहज सरकतो आणि बीप तरीही येतो, तर टेबलाखाली लूपचा एखादा फीडर, म्हणजे मुख्य तारेपासून रुळापर्यंत वीज आणणारी बारीक तार, मॉड्यूलऐवजी मुख्य लाईनच्या तारेला डाग देऊन जोडला गेला आहे असे समजावे. घरोघरी असणारा निऑन टेस्टर इथे उपयोगाचा नाही, कारण तो पेटायला लागणारा दाब रुळांवरच्या १५ व्होल्टच्या कितीतरी पट असतो.

फट बुजते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. रूळ बहुधा निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे असतात आणि दर अंश सेल्सिअसला त्यांची लांबी दशलक्षांशी सुमारे १६ भाग वाढते. एक मीटर रूळ २० अंशांनी तापला तर तो सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबतो, आणि बारीक करवतीने कापलेली फटही साधारण तेवढीच असते. त्यात पावसाळ्यात फुगलेले लाकूड कोरड्या हवेत आकसले की टेबलच रुळांना एकमेकांकडे ढकलते. म्हणून कापल्याबरोबर फटीत स्टायरीन प्लास्टिकचा तुकडा चिकटवून कानशीने रुळाच्या आकाराला आणावा. उघडी ठेवलेली फट कधी ना कधी बुजणार, असे धरून चालावे.

पूर्वपक्ष : फटींविषयीचे म्हणणे स्वीकारावे लागेल, मात्र आपण तारांकडे इतके पाहता की चाके नजरेआड होतात. लूपच्या नावावर जमा होणाऱ्या कित्येक शॉर्टांचा लूपशी संबंधच नसतो, कारण लूपच्या तोंडाशी सांधा असतो आणि खरे दुखणे तिथे असते. सांध्यात जिथे दोन मार्गांचे आतले रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकदार भागाला फ्रॉग म्हणतात. तो धातूचा आणि वीज असलेला असेल, तर सांधा बदलताच त्याची ध्रुवता बदलते. त्यापुढचे आतले दोन रूळ तोडलेले नसतील आणि त्यांना पलीकडून वीज मिळत असेल, तर सांधा एका बाजूला टाकताच शॉर्ट होतो. फ्रॉग प्लास्टिकचा असेल, तर विरुद्ध ध्रुवांचे दोन रूळ त्याच्या टोकाशी इतके जवळ येतात की रुंद चाक दोहोंवर एकदम टेकते आणि क्षणभर ठिणगी उडते. तिथे रुळाच्या टोकावर नेलपॉलिशचा पातळ थर दिला तरी भागते. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर कमी असेल, तर चाकाची पाठ सांध्याच्या उघड्या पात्याला घासते, आणि त्या पात्याला फ्रॉगची ध्रुवता असेल तर शॉर्ट होतो. एनएमआरएच्या पत्र्याच्या मापपट्टीने हे अंतर तपासता येते. धातूच्या बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यात, चाकांची एक जोडी उलटी बसवली, म्हणजे विद्युत्‌रोधी बाजू चुकीच्या कडेला गेली, तर बोगीचा सांगाडाच दोन रुळांना जोडतो. या कशासाठीही लूपच्या आकृतीची गरज नाही.

उत्तरपक्ष : या यादीत काढून टाकण्यासारखे काही नाही, आणि म्हणूनच फटींची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. लूपच्या फटी सांध्याच्या दोन फाट्यांवर, फ्रॉगच्या लगेच पलीकडे घेतल्या, तर फ्रॉगसाठी लागणारी तोड आणि लूपसाठी लागणारी तोड एकाच कापण्यात साधते व सांधा पूर्णपणे मुख्य लाईनच्या बाजूला राहतो. मग एका डब्याचा हाताने ढकलून माग काढावा: सांध्याशी शॉर्ट झाला तर दोष सांध्याचा किंवा चाकाचा, फटीशी झाला तर लूपचा. लांबीचा दोषही असाच मागाने सापडतो. ४५० मिलिमीटर त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा परिघ सुमारे २.८ मीटर भरतो. प्रत्येकी ३०० मिलिमीटरचे नऊ डबे आणि एक इंजिन असलेली गाडी त्याहून लांब होते, त्यामुळे तिचे पुढचे चाक बाहेर पडणारी सीमा ओलांडत असताना मागचे चाक आत येणाऱ्या सीमेवर असू शकते. दोन टोकांना दोन विरुद्ध मागण्या एकाच वेळी आल्या की कोणतेही मॉड्यूल दोन्ही पुरवू शकत नाही. डब्यांची चाके प्लास्टिकची असतील तर हे जाणवत नाही. पण आत दिवे असलेल्या डब्यांच्या दोन्ही बोग्या तारेने आतून जोडलेल्या असतील, तर एकेक डबा आपल्या जवळजवळ सगळ्या लांबीभर सीमेवर पूल बांधत जातो. अशा वेळी नवे मॉड्यूल घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. गाडी आखूड करणे किंवा तोडलेला तुकडा लांब करणे, हाच मार्ग आहे.

पूर्वपक्ष : आता सीमेवरच्या शॉर्टकडे वळू, कारण आपल्या वर्गीकरणात तोच मॉड्यूलच्या वाट्याला येतो. आपल्या पक्षातील काही जण तोही टाळण्यासाठी सीमेआधी सेन्सर बसवतात आणि चाक पोहोचण्यापूर्वीच ध्रुवता उलटवतात. पण इन्फ्रारेड सेन्सर उन्हाच्या तिरिपेने फसतो, आणि प्रवाहावरून गाडी ओळखणाऱ्या सेन्सरला प्लास्टिकच्या चाकांचा डबा दिसतच नाही. शॉर्ट मात्र चुकत नाही, कारण तो नेमक्या सीमेवरच आणि नेमक्या गरजेच्या क्षणीच होतो. त्याने नुकसान होते म्हणावे, तर हिशेब करून पाहावा. १५ व्होल्टला पाच अँपिअर म्हणजे ७५ वॅट. मॉड्यूलने १० मिलिसेकंदांत काम उरकले, तर एका स्पर्शात जास्तीत जास्त पाऊण ज्यूल ऊर्जा खर्च होते. तेवढ्याने चाकाला काय होणार?

उत्तरपक्ष : १० मिलिसेकंदांचा हिशेब बरोबर आहे, पण तोच १० सेकंदांचा केला तर ७५० ज्यूल होतात. ७५ वॅट म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची तिप्पट शक्ती; ती एका चाकाशी एकवटली तर बोगीची प्लास्टिकची बाजू वितळायला पुरे. म्हणजे सारे काही मॉड्यूल वेळेवर जागे होते की नाही यावर अवलंबून आहे, आणि तेही तारांवरच ठरते. पाच अँपिअर मिळण्यासाठी १५ व्होल्टला एकूण वाटेचा रोध तीन ओहमपेक्षा कमी हवा. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा दहा मीटर जाण्याचा व तेवढाच येण्याचा रोध सुमारे पाव ओहमच असतो, पण दोन रुळांना जोडणाऱ्या सैल, काळवंडलेल्या जोडपट्ट्या तो कुठच्या कुठे नेतात. म्हणून मॉड्यूल परत जोडल्यावर नाण्याची चाचणी करावी: लूपमध्ये, विशेषतः फीडरपासून दूरच्या जागी, रुपयाचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे दाबावे. १६.५ मिलिमीटरचे अंतर ते सहज ओलांडते. पुरवठा तत्काळ बंद पडला पाहिजे. तो न पडता नाणे तापू लागले, तर ते लगेच उचलावे. तिथे फीडर अपुरे आहेत आणि खरा शॉर्ट झाल्यास कोणतेही यंत्र तो वेळेवर ओळखणार नाही.

पूर्वपक्ष : ही चाचणी या पक्षालाही मान्य आहे, किंबहुना मॉड्यूल बसवणाऱ्यानेच ती आधी करावी. तिच्या जोडीला तीन नियम सांगता येतात. मॉड्यूल ज्या प्रवाहाला जागे होते तो बूस्टरच्या, म्हणजे रुळांना शक्ती पुरवणाऱ्या मुख्य यंत्राच्या, मर्यादेपेक्षा कमी ठेवावा आणि मॉड्यूल बूस्टरपेक्षा चपळ असावे. नाहीतर मॉड्यूल ध्रुवता उलटवण्याआधीच बूस्टर सारा पुरवठा तोडून मोकळा होतो. मात्र तो प्रवाह फार कमीही ठेवू नये, कारण आवाज काढणाऱ्या इंजिनांतील कपॅसिटर वीज परत येताच एकदम भरू लागतात आणि मॉड्यूलला तो शॉर्टच वाटतो. आणि मॉड्यूलच्या ताब्यातील दोन तुकडे एकमेकांना लागून ठेवू नयेत. सीमेवर दोन्ही मॉड्यूल एकाच वेळी उलटली तर विरोध जसाच्या तसा राहतो. अशा प्रत्येक तुकड्याचा शेजार स्थिर ध्रुवतेचा असावा.

उत्तरपक्ष : या तीन नियमांना या पक्षाची पूर्ण संमती आहे. त्यात एका मापनाची भर घालता येईल. मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची टोके फटीच्या दोन्ही बाजूंच्या एकाच रुळाला लावावीत. वाचन जवळजवळ शून्य आले तर ध्रुवता जुळलेली आहे, आणि रुळांवरच्या पूर्ण दाबाच्या आसपास आले तर विरुद्ध आहे. डीसीसीच्या स्पंदांवर साधा मीटर अचूक आकडा देत नाही, पण शून्य आणि पूर्ण यांतला फरक सांगायला तो पुरेसा आहे. मॉड्यूल काय करत आहे, हे ऐकण्याऐवजी असे पाहता येते.

निर्णय : दोन्ही पक्षांचे म्हणणे एकत्र ठेवले असता त्यांच्यातला विरोध तत्त्वाचा नसून क्रमाचा असल्याचे दिसते. शॉर्ट हा संकेत होऊ शकतो, हे पूर्वपक्षाचे म्हणणे खरे आहे. परंतु तो एकाच जागी, एकाच कारणाने आणि ठरलेल्या अल्प काळापुरता होत असेल तरच. तसा तो आहे की नाही, हे मॉड्यूल स्वतः सांगू शकत नाही, कारण त्याला जाणूनबुजून केलेला शॉर्ट आणि चुकून झालेला शॉर्ट सारखेच दिसतात. हा उत्तरपक्षाचा मुद्दा निर्णायक ठरतो. म्हणून तपासणीत मॉड्यूलचा क्रम शेवटचा असावा. आधी आकृती काढावी, मॉड्यूल सोडवावे, गाड्या उचलाव्यात, फटी मोजाव्यात, सांधा दोन्ही बाजूंना टाकून पाहावा, मग एकेक डबा फिरवावा, लांबी मोजावी आणि शेवटी मॉड्यूल जोडून नाण्याने त्याची परीक्षा घ्यावी. त्रिकोणी जोडमार्ग किंवा लंबगोलाच्या मधून तिरका जाणारा मार्ग अशा छुप्या लूपांसाठी एका डब्याच्या एका कडेला लाल कागदाची पट्टी चिकटवून तो सर्व वाटांनी फिरवावा. पट्टी त्याच जागी समोरच्या रुळाच्या बाजूला आलेली दिसली, तर तिथे रिव्हर्सिंग लूप आहे आणि तिथेही चार फटी लागतील. ज्यांच्या लूपमध्ये गाडी अडते, त्यांनी नवे मॉड्यूल विकत घेण्यापूर्वी असलेले मॉड्यूल सोडवून चारही फटींवर मल्टिमीटर टेकवून पाहावा.